दुर्बिणीवरचं नाव

निरवांगी गावात आबासाहेबांच्या नावावाचून कुणाला बूड टेकायची सोय नव्हती. थांब्यावरच्या बाकावर त्यांचं नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, आणि स्मशानातल्या शेडवर तर नाव फोटोसकट. मेलेल्या माणसानंही जाता जाता त्यांचं तोंड बघून जावं, एवढी माया. कुशाबाईला या माणसाचा मनापासून तिटकारा होता आणि तो ती लपवतही नसे. देणारा हात दिसला नाही तर या गड्याला दिल्यासारखंच वाटत नाही, असं ती चारचौघांत बोलायची.

पण उसात बिबट्या शिरला आणि तिला आबासाहेबांच्याच एका देणगीवर भिस्त ठेवावी लागली. ती म्हणजे अंधारात बघायची दुर्बीण. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे कुशाबाईचा एकुलता एक संदेश उसाला पाणी धरायला रात्रीच जायचा. गावातल्या पोरांनी पथक काढलं होतं. संदेशही त्यातच होता. आधी दुर्बिणीतून रान बघायचं, साफ असलं तरच आत शिरायचं, असा नेम होता. पोरगं घरी येईपर्यंत कुशाबाईचा डोळ्याला डोळा लागत नसे.

पथकाचा म्होरक्या रणजित. हा शहाणा दुर्बीण उघडीच घेऊन उसात घुसायचा आणि वर धुळीनं माखलेल्या टॉवेलनं काच पुसायचा. दिवाळीपर्यंत काचेवर पात्यांचे आणि मातीचे ओरखडे दिसायला लागले. नवी काच मागवायची तर निम्म्या दुर्बिणीची किंमत पडत होती.

"मिशीला कोंब फुटलं, पर अकलेला न्हाय," कुशाबाई त्याला तोंडावर म्हणाली. "आण हिकडं."

मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण तिनं घेतलं, त्यावर वाटी उपडी घालून गोल कापला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून तिच्यात तो बसवला. पहिला गोल सुरकुतला होता, त्यातून एका बोरीच्या दोन बोरी दिसल्या. दुसरा मात्र नीट जमला. दुर्बिणीच्या तोंडावर तो डब्याच्या टोपणासारखा बसला. ओरखडा पडला की टाकायचा आणि दुसरा कापायचा.

ही गोष्ट आबासाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांना अन्न गोड लागेना. दुर्बीण आपली आणि झाकण कुशाबाईचं, हे कसं चालेल? ते गाडी काढून अंथुर्ण्याला गेले. तिथं फिरोजचं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या काचांवर 'आईचा आशीर्वाद' वगैरे चमकती अक्षरं तो कापून देतो. आबासाहेबांनी जाड पारदर्शक प्लास्टिकचं मोठं झाकण करायला सांगितलं आणि त्यावर गोल फिरवून रेडियमची अक्षरं, 'सौजन्य : आबासाहेब'.

"साहेब, नाव दुर्बिनीच्या अंगावर लावतो की," फिरोज म्हणाला. "काचंवर कशापायी?"

"अंगावर हात येतो. नाव झाकतं."

आता या दुर्बिणीच्या काचेशेजारी एक दिवा असतो. त्याचा उजेड माणसाला दिसत नाही, दुर्बिणीला दिसतो. त्याच्यावरच ती अंधारात बघते. नव्या झाकणानं काच आणि दिवा दोन्ही झाकले. तो उजेड रेडियमवर आपटून उलटा दुर्बिणीतच शिरणार, हे सांगायला पंडित लागत नाही. पण आबासाहेबांना नाव चमकलं म्हणजे झालं.

झाकणाचं उद्घाटन ठेवलं. हो, झाकणाचं! तेही कुशाबाईच्याच बांधावर, कारण बिबट्या तिच्याच उसात दिसला होता. दिवेलागण होऊन अंधार पडल्यावर गाड्या आल्या. नारळ फुटला, झाकणाला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले, मोबाईलवर फोटो निघाले. मग आबासाहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. आत दुधासारखं पांढरं. एवढ्या माणसांत ते कबूल कसं करायचं?

"येकदम साफ हाय," ते म्हणाले.

रणजितनं बघितलं. "साफ हाय. जरा धुकं हाय म्हना."

संदेशनं दुर्बीण घेतली. बराच वेळ बघत राहिला. कारखान्यात नोकरीला चिकटवतो, असा शब्द आबासाहेबांनी त्याला दिलेला होता. दुर्बीण खाली घेऊन त्यानं आबासाहेबांकडं बघितलं. "साफ हाय, साहेब," म्हणाला, दुर्बीण रणजितकडं दिली आणि पाणी सोडायला मोटरीकडं निघाला.

कुशाबाईनं ते बघणं टिपलं. तिनं रणजितच्या हातातली दुर्बीण हिसकावली, डोळ्याला लावली. आत सगळं पांढरं. नखानं झाकण उचकटून तिनं भिरकावून दिलं. आता उसाची कड दिसली, संदेशची पाठ दिसली आणि त्याच्या पुढ्यात, पाटाच्या वळणावर, जमिनीलगत दोन पेटलेले डोळे.

"संद्या, माघारी फिर! पाटात हाय त्यो!"

तिनं पूजेचं ताट उचललं आणि दगडानं बडवायला सुरुवात केली. पोरांनी बोंब ठोकली. बिबट्या उसात पसार झाला, संदेश धडपडत माघारी आला. आबासाहेबांच्या गाडीचं दार आधी लागलं आणि मग आतून आवाज आला, "कुनी घाबरू नका!"

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'आबासाहेबांच्या दूरदृष्टीमुळे तरुणाचे प्राण वाचले.' खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिलाच फोटो संदेशचा, हात जोडलेला. कुशाबाईनं तो अख्खा वाचला आणि घरी येऊन चूल पेटवली.

दुपारी संदेश जेवायला बसला. "आये, तुझं बी नाव टाका म्हनलं हुतं मी. जागा उरली न्हाय."

"त्ये जाऊ दे. काल त्यातनं तुला काय दिसलं?"

"पांढरं."

"मग साफ हाय कशापायी म्हनलास? मरायला?"

"साहेब उभं हुतं की म्होरं," तो म्हणाला. "बिबट्या काय दिसत न्हवता. साहेब दिसत हुतं."

कुशाबाईच्या मनात आबासाहेबांविषयी जी घृणा होती, ती आता पोराविषयी दाटलेल्या घृणेपुढं तिला एकदम फार थोडी वाटली. नऊ महिने पोटात वाढवलं ते हेच का, असं तिच्या मनात आलं आणि ते तिनं परतवलंही नाही. कुत्र्याला टाकतात तशी तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि पाठ फिरवून चुलीकडं तोंड करून बसली.