पदराआडची सून

साक्रीच्या बाजारातून परतणारी जीप उलटली. तीन बायका जागीच गेल्या, बाकीच्या जखमींना धुळ्याला नेलं, एवढंच गावात कळलं. लोटनआबांची सून प्रमिला त्याच जीपमध्ये होती आणि मुलगा सुकदेव ट्रक घेऊन सुरतेला गेलेला. मग ओळख पटवायला आबा निघाले, सोबत मी, त्यांचा पुतण्या. प्रमिलाची सासू भागाबाई येते म्हणून दारात उभी होती. बायका असल्या ठिकाणी येत नसतात, असं सांगून आम्ही तिला घरी बसवलं. केवढं ते आमचं शहाणपण!

साक्रीच्या दवाखान्यात हवालदाराने चादरी सारून तिन्ही चेहरे दाखवले. आबा एकेकीपाशी थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी काय सांगणार, कपाळ? सुकदेवपेक्षा मी मोठा, म्हणजे तिचा जेठ. लग्न झाल्यापासून ती आम्हा दोघांपुढे हनुवटीपर्यंत पदर ओढून वावरली. वाढणारा हात आणि उंबरा ओलांडणारी पावलं, एवढीच आमच्या ओळखीची प्रमिला. घरच्या सुनेचं नाक कसं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, याची मला तिथे भयंकर लाज वाटली.

"यासमा आमनी वहू नही शे," आबा शेवटी म्हणाले.

म्हणजे ती धुळ्यालाच असणार. आबांचा आवाज एकदम हलका झाला. बाहेर येऊन त्यांनी चहा सांगितला. गावाकडे निघालेल्या एका शेजाऱ्याजवळ भागाबाईला निरोपही धाडला, की सून वाचली. मी मान डोलावली, कारण मलाही तेच हवं होतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून त्या तिघींपैकी एकीचं स्ट्रेचर नेलं. चादर तोंडावर ओढल्यामुळे पाय उघडे पडले होते. डाव्या टाचेवर भाजल्याचा जुना डाग होता. दिवाळीत कढई कलंडली तेव्हा आबांनीच त्यावर कोरफड लावायला लावली होती.

आबांनी कप खाली ठेवला. "हाई आपलीच शे."

हवालदार वैतागला. मघाशी नाही म्हणालात, आता चेहरा नीट बघून सांगा, म्हणत त्याने चादर खाली ओढली. आबांनी झटकन मान फिरवली. तिच्याकडे न बघताच, चाचपडत, त्यांनी चादर पुन्हा तिच्या तोंडावर घेतली.

"झाकी ठेवा, साहेब," ते म्हणाले. "मी तिना सासरा शे."