उजेडाची बाजू

देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदाराकडून ज्ञानेशने जुना रशियन कॅमेरा घेतला, त्याबरोबर फ्लॅशही आला, आणि इंदिरानगरातल्या त्याच्या दोन खोल्यांमधली शांतता संपली. सुरू केला की फ्लॅश बारीक शिट्टी वाजवायचा, मग त्याचा नारिंगी दिवा लागायचा, आणि तोवर सविताने, म्हणजे ज्ञानेशच्या बायकोने, लाटणं हातात धरून हसत राहायचं. ज्ञानेशने फ्लॅशवर रुमाल बांधून पाहिला, तो छताकडे वळवून पाहिला, स्टीलच्या ताटावरून उजेड परतवून पाहिला. प्रत्येक फोटोत सविताचे डोळे मिटलेले आले. पण फोटो आले तर खरे, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला ज्ञानेशला तेवढं पुरेसं होतं.

भाचीचा, प्रतिभाचा, साखरपुडा ठरला तेव्हा तो तिच्या वडिलांना म्हणाला, "मी असताना फोटोग्राफर कशाला, दाजी?"

भिकनदाजी भला माणूस. त्यांनी ऐकलं.

मुलगा सटाण्याचा, सुनील. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि चांगुणाआत्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. प्रतिभाची ओटी भरायचा मान तिचाच होता. आजवरच्या सगळ्या कार्यांत मागच्या रांगेत उभी राहिलेली ही बाई त्या दिवशी पुढे बसली होती, आणि नारळ हातात धरून, मान वळवून, कॅमेऱ्याकडे बघत मुद्दाम थांबली होती. ज्ञानेशने एकदा सोडून तीनदा फोटो काढला.

फक्त त्याआधी त्याने डोकं चालवलं होतं. कार्यात माणसं हलतात, फोटो हलतो. त्यात फ्लॅश म्हणजे वीज, आणि वीज पकडायची तर शटरही विजेसारखं चपळ हवं. म्हणून त्याने कॅमेऱ्यावरची वेगाची चकती चांगली पुढे फिरवून ठेवली.

रोल धुऊन आला. एकूण एक फोटोत डावीकडे मुलीकडची मंडळी, तोंडातल्या पेढ्यासकट स्वच्छ. उजवीकडे, जिथे सटाणेकर बसले होते, तिथे डांबर. प्रतिभा अंगठी घालत होती ती काळोखाला. तिच्या पदरात नारळ येत होता आणि तो देणारा हात मनगटापाशीच संपत होता.

हे फोटो लपवायचे असं ठरलं. पण चांगुणाआत्याला कुठला धीर? ती सटाण्याहून पहिल्या एसटीने येऊन दाजींच्या ओसरीवर बसली. चष्मा लावून तिने सगळे फोटो बघितले, मग पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"हाई काय शे? तुमनी पोर उजेडमा, आमना पोऱ्या अंधारमा?" ती म्हणाली. "आणि ओटी मी भरी, का भूतनी भरी?"

दाजींनी ज्ञानेशकडे पाहिलं. प्रतिभा आत जाऊन रडायला लागली. शुभकार्यात नवऱ्यामुलाच्या तोंडावर काळोख आलेला, हे सटाण्यात चार बायकांच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडायला वेळ लागला नसता. ज्ञानेश हात जोडून म्हणाला, "आत्याबाई, फ्लॅश एका बाजूला कलला असणार. मी सरळ करतो. एकवार पुन्हा बसा."

आत्याने विचार केला. "बसतस. पण आते आम्ही उजेडना बाजूले."

पुढच्या रविवारी मंडळी तेच कपडे घालून पुन्हा जमली. सटाणेकर डावीकडे, मुलीकडचे उजवीकडे. ज्ञानेशने फ्लॅशला ओळंबा लावून सरळ केलं. चकतीला मात्र हात लावला नाही, कारण तिच्यावर त्याचा संशयच नव्हता.

या खेपेला सगळे सटाणेकर उजळून निघाले आणि प्रतिभा माहेरच्या गोतावळ्यासकट काळोखात गेली. दाजींनी कपाळाला हात लावला. चांगुणाआत्या मात्र फोटो बघता बघता हसू लागली. तिच्या हातातला नारळ चकाकत होता आणि समोर कुणीच नव्हतं.

"चला, फिटी गयं," ती म्हणाली.

त्या रात्री ज्ञानेशने रोल नसलेल्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून फ्लॅश उडवला. सविता आत डोकावून बघत होती. "अहो, फ्लॅश उडतो तेव्हा आतला काळा पडदा अर्धाच सरकलेला असतो की," ती म्हणाली. त्याने चकती मागे घेतली, आणि फिल्मपुढची खिडकी पुरती उजळली. मग त्याने कात्री घेतली आणि दोन फोटोंचे दोन उजळ अर्धे एकमेकांना चिकटवले. एक नारळ प्रतिभाच्या पदरात, दुसरा तिच्या कोपराशी. आत्याने तो फोटो चौकटीत बसवला आणि भाचेसुनेची ओटी आपण दोन नारळांनी भरली, असं ती गावभर सांगू लागली.

लग्नात दाजींनी फोटोग्राफर ठरवला. तरी आत्या म्हणाली, एक फोटो मामांनी काढायचा. ज्ञानेशने कॅमेरा लावला, आणि बघता बघता दोन्हीकडचं अख्खं वऱ्हाड, नवरानवरीसकट, डाव्या बाजूला एकमेकांच्या अंगावर जाऊन उभं राहिलं. उजवीकडे नुसत्या खुर्च्या.

"आता दोन्हीकडे उजेड येतो," ज्ञानेश काकुळतीने म्हणाला. "विचारा सविताला."

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या चांगुणाआत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग ती पदर सावरत उठली, मंडप ओलांडून गेली आणि उजवीकडच्या खुर्चीत एकटी बसली.

"मी बसस अठे. काढा मामा."

त्या फोटोत डावीकडे साठेक माणसं दाटीवाटीने उभी आहेत. उजवीकडे चांगुणाआत्या, लख्ख उजेडात, नथीच्या मोत्यासकट. डोळे तेवढे गच्च मिटलेले. फोटो आत्याला दाखवताना, दुसरा काढू का, असं ज्ञानेशने शरमेने विचारलं.

"कशाले?" आत्या म्हणाली. "डोया मिटेल शेतस, पण मी दिसस ना."