खिशातलं वजन

“हात सैल सोडा, बाही मी काढतो,” पद्माकर म्हणाला. त्याने कार्डिगनला हात लावला मात्र, म्हाताऱ्याने उजवा खिसा गच्च धरला.

“आज आंघोळ नको.”

“गुरुवारीही नकोच म्हणालात, मिस्टर स्टॅन.”

“थंडी आहे, पॅडी.”

सिडनीतला ऑगस्ट होता, थंडी होतीच. पण बाथरूममधला हीटर लावून दहा मिनिटं झाली होती आणि कोविडमुळे पद्माकरने तोंडावर लावलेल्या शील्डवर वाफ धरली होती. गेलं दीड वर्ष दर सोमवारी आणि गुरुवारी तो क्वेकर्स हिलच्या या घरात स्टॅनला आंघोळ घालायला येत होता. शहाऐंशी वर्षांच्या स्टॅनचा टबच्या कडेवरून पाय उचलत नसे, पण माणूस टापटिपीचा. घरात बसतानाही इस्त्रीचा शर्ट. तो गेल्या सोमवारी पाठ दुखते म्हणाला, गुरुवारी कणकण आहे म्हणाला आणि आज थंडी. तिन्ही वेळा अंगावर तेच तपकिरी कार्डिगन.

“बरं, निदान पाय तरी धुऊ,” म्हणून पद्माकर वाकला. स्टॅन मागे सरकला, त्याचा तोल गेला. पद्माकरने त्याला कमरेत धरून सावरलं, तेव्हा खिशातली वस्तू त्याच्या मनगटावर आपटली.

मोबाइल नव्हता. किल्ल्यांचा जुडगाही नव्हता. हातातला माणूस न सोडता पद्माकर क्षणभर तसाच उभा राहिला.

पद्माकर चोरगे सतरा वर्षं भारतीय सैन्यात आर्मरर होता. बंदुका चालवणारे दुसरे, त्या दुरुस्त करणारा हा. हवालदार म्हणून निवृत्त झाला. बायको चित्रा नर्स, तिला सिडनीत नोकरी लागली, तिच्या मागोमाग हाही आला. इथे हवालदाराला कोण विचारतो? त्याने सहा महिन्यांचा कोर्स केला आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, जेवू घालायचं, फिरवून आणायचं काम धरलं. पूर्वी काय करत होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

असं काही आढळलं तर काय करायचं, हे त्याला कंपनीने शिकवलं होतं. कशाला हात लावायचा नाही, घराबाहेर पडायचं, ऑफिसला फोन करायचा. ऑनलाइन परीक्षेत त्याने हेच उत्तर बरोबर दिलं होतं.

“भरलेलं आहे?” त्याने विचारलं. सकाळची गोळी घेतलीत का, असं नेहमी विचारायचा त्याच आवाजात.

स्टॅन आंघोळीच्या खुर्चीवर बसला.

“मला ती काढता येत नाही, पॅडी.”

“काय काढता येत नाही?”

“गोळी.”

मग तो तुटक तुटक बोलत गेला. ऐंशीच्या दशकात बायकोला, इरेनाला, घेऊन तो पोलंडहून इथे आला. त्याआधी सैन्यात लेफ्टनंट होता आणि असलंच छोटं पिस्तूल कमरेला लावत होता. पुढे त्या सैन्याने जुनी पिस्तुलं मोडीत काढली. त्यातलं एक फिरत फिरत सिडनीत पोचलं, तो काम करत होता त्या कारखान्यातल्या एका सोबत्याने ते कागदपत्रांशिवाय विकलं आणि याने घेतलं. तरुणपणाची आठवण म्हणून घेतलं आणि पंचवीस वर्षं गॅरेजमधल्या अवजारांच्या डब्यात लपवलं. इरेनालासुद्धा माहीत नव्हतं.

इरेना तीन वर्षांपासून नर्सिंग होममध्ये होती. लॉकडाउन लागल्यापासून आत सोडत नव्हते. स्टॅन टॅक्सीने जाऊन खिडकीबाहेर उभा राहायचा. दोन शुक्रवारांपूर्वी तिने त्याला ओळखलं नाही. मास्क लावलेला कुणी परका काचेशी उभा आहे, असं वाटून ती ओरडली आणि नर्सने पडदा ओढला.

“घरी आलो आणि डबा उघडला,” स्टॅन म्हणाला. “एकच गोळी भरली. म्हटलं, सकाळी. सकाळी तिथल्या नर्सचा फोन आला. इरेना रात्रभर विचारत होती म्हणे, स्टॅन जेवला का.” तो थांबला. “त्यानंतर मला मरावंसं वाटलं नाही. पण ही गोळी निघेना. ती काढायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते, तेवढा बोटांत जोर नाही.”

“भरताना होता?”

“भरताना राग होता. आता तो कुठून आणू?”

दहा दिवस तो ते भरलेलं पिस्तूल अंगावर वागवत होता. ठेवायचं कुठे? मंगळवारी साफसफाईची बाई यायची, बुधवारी औषधं देणारी मुलगी. चुकून त्यांच्या हाती लागलं तर? म्हणून खिशात. झोपतानाही कार्डिगन घालून, उजवी कूस वर ठेवून. पोलिसांना सांगितलं तर तुरुंगात नेतील आणि इरेनाची खिडकीही सुटेल, ही भीती.

पद्माकरच्या मनात तीन गोष्टी एकदम आल्या. नोकरी जाईल. परवाना नसताना पिस्तूल हातात घेतलं तर आणखीही काही होईल. आणि आपण आता बाहेर पडलो, तर दोन सायरनच्या गाड्या येतील आणि दारात हा म्हातारा खिशात हात घालून उभा असेल.

“मी आर्मरर होतो,” तो म्हणाला. “सैन्यात. सतरा वर्षं.”

स्टॅनने मान वर केली. दीड वर्षात प्रथमच तो पद्माकरकडे असा निरखून बघत होता.

“रँक?”

“हवालदार. तुमच्याकडचा सार्जंट म्हणा.”

“मग घे, सार्जंट,” स्टॅन म्हणाला आणि त्याने खिशावरचा हात काढला.

मागच्या कपडे धुवायच्या खोलीत कुंड्यांच्या मातीची मोठी पोती होती. पद्माकरने दोन पोती एकावर एक रचली, स्टॅनला आपल्या मागे भिंतीशी बसवलं, हातमोजे बदलले आणि दोन बोटांनी पिस्तूल बाहेर काढलं. तळहातात मावेल एवढंसं. नळीचं तोंड मातीत रोखून त्याने अंगठा मागच्या बाजूला फिरवला. घोड्याच्या वर बारीकशी पिन बाहेर आलेली होती. म्हणजे गोळी नळीत होती. बारा वर्षांत त्याने शस्त्राला हात लावला नव्हता, पण हात काही विसरले नव्हते. आधी मॅगझिन उतरवलं. मग श्वास सोडत स्लाइड मागे ओढली. स्प्रिंग खरोखरच राक्षसी होती. काडतूस टणकन उडालं आणि वॉशिंग मशिनखाली घरंगळत गेलं.

स्टॅनने डोळे मिटले. मग तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. पद्माकरने त्याला रडू दिलं आणि तेवढ्यात नळीत डोकावून, करंगळीने चाचपून, पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

काडतूस मशिनखालून शोधून काढलं. रिकामं पिस्तूल त्याने टॉवेलवर ठेवलं, तेव्हा कुठे ते नीट दिसलं. कुठे गंजाचा ठिपका नाही, कडा अशा घासलेल्या की खिशाच्या अस्तरालाही अडकू नयेत. वर्षानुवर्षं कुणीतरी निगुतीने तेल दिलं होतं.

“चांगलं राखलंत,” तो म्हणाला. कारागिराला चांगलं काम दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही.

“चांगलं आहेच ते,” स्टॅन नाक पुसत म्हणाला. “त्याचा काही दोष नाही.”

“पण मी ते इथे ठेवून जाणार नाही.”

“माहीत आहे.”

जुलैपासून नवा नियम आला होता. बिनपरवान्याचं शस्त्र आपणहून पोलिसांकडे दिलं, तर ते बाळगल्याचा गुन्हा लावत नव्हते. पद्माकरने तो फोनवर काढून स्टॅनला दोनदा वाचून दाखवला, मग स्टेशनला फोन लावला आणि फोन स्टॅनच्या हातात दिला. सांगायचं ते त्यानेच सांगितलं.

पोलीस यायला तासभर होता. “आता आंघोळ करू या?” स्टॅन म्हणाला.

मास्क लावलेल्या दोन तरुण कॉन्स्टेबल आल्या, तेव्हा तो ओले केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीच्या खोलीत उभा होता. त्याने स्लाइड उघडी असलेलं पिस्तूल मूठ पुढे करून दिलं, सैन्यात देतात तसं. वॉकर न धरता. पद्माकर त्याच्या पाठीमागे आधाराला हात धरून उभा होता, पण तो हात त्याने स्टॅनला लागू दिला नाही.

“आता डॉक्टरांनाही सगळं सांगायचं,” पोलीस गेल्यावर पद्माकर म्हणाला. “त्या रात्रीचंही.”

“तू थांबशील?”

“थांबतो.”

संध्याकाळी ऑफिसमधून मयूराचा फोन आला. ती पुण्याची, तीस-बत्तीसची, सगळ्यांच्या शिफ्ट लावायची.

“काका, पॉलिसी क्लिअर आहे ना? वेपन दिसलं की बाहेर पडायचं. तुम्ही तर हातात घेतलंत.”

“बाहेर पडलो असतो, तर आत तो एकटा राहिला असता.”

“रिपोर्टमध्ये असंच लिहू?”

“असंच लिही.”

पलीकडून तिच्या कीबोर्डचा आवाज आला. “दोन आठवडे शिफ्ट नाही मिळणार, काका. इन्क्वायरी होईल. सॉरी. आणि थँक यू. हे ऑफिसचं नाही, माझं.”

चित्रा कोविड वॉर्डातली ड्यूटी संपवून आली, नेहमीसारखी आधी गॅरेजमध्ये कपडे बदलून. तिने सगळं ऐकून घेतलं. मास्कचे वळ गालांवर तसेच होते.

“भीती वाटली?”

“तेव्हा नाही. नंतर गाडीत बसल्यावर.”

तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. दोन आठवड्यांचा विषय तिने काढला नाही.

नवव्या दिवशी फोन वाजला. स्टॅन होता.

“इरेना गेली, पॅडी. पहाटे. काल मला आत सोडलं होतं त्यांनी. पीपीईचा तो पांढरा झगा घालून बसलो होतो, तरी ओळखलं तिने.” आवाज स्थिर होता. “अंत्यविधी शुक्रवारी अकराला. दहा माणसांना परवानगी आहे. मी तुझं नाव लिहिलं आहे.”

“मी अजून कामावर नाही, मिस्टर स्टॅन.”

“मी कामाला बोलावत नाहीये.”

शुक्रवारी पद्माकर गडद निळा ब्लेझर घालून गेला. चॅपलमध्ये दीड-दीड मीटर अंतर सोडून दहा घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाद्री उभाच होता. स्टॅन पहिल्या खुर्चीवर बसला, दुसरीवर पद्माकर, तिसरीवर शेजारची एक पोलिश बाई. बाकीची माणसं लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीपलीकडची, नाहीतर कधीचीच वारलेली. पाद्रीने पोलिशमध्ये जे म्हटलं त्यातला एकही शब्द पद्माकरला कळला नाही. इरेनाचं नाव आलं की तो तेवढी मान झुकवत होता.

शवपेटी गेली. पुढच्या अंत्यविधीची माणसं बाहेर आवारात थांबली होती. चॅपलचा माणूस सॅनिटायझरची बाटली आणि फडकं घेऊन आला आणि पुसायला म्हणून खुर्च्या मिटून गोळा करू लागला.

“राहू दे, मेट,” स्टॅन त्याला म्हणाला. “आम्ही करतो.”

त्याने वॉकर भिंतीशी लावला आणि कुणी बसलंच नव्हतं अशा एका खुर्चीची पाठ धरली. ती मिटायला त्याला वेळ लागला. पद्माकरने दुसरी धरली, पण मिटली नाही. स्टॅनची मिटेपर्यंत तो थांबला, मग आपली मिटली. अशा दोघांनी मिळून सातही रिकाम्या खुर्च्या मिटल्या आणि एकीला एक टेकवून भिंतीशी सरळ रांगेत लावल्या.