निवृत्तीकाकांचा बार

प्रतापरावांच्या घराण्यात एकच हुतात्मा होता, आणि त्यालाही घडवायला दोन पिढ्या खपल्या होत्या.

त्याचं नाव निवृत्ती. प्रतापरावांचा धाकटा चुलता. निजामाचं राज्य जायच्या सुमारास, मिसरूड फुटायच्या आतच, तो 'बार उडवताना' गेला, एवढीच हकीकत घरात चालत आली होती. तेवढ्या भांडवलावर प्रतापरावांच्या वडिलांनी, अंबाजींनी, त्याच्या हातात बंदूक दिली आणि प्रतापरावांनी समोरचे रझाकार वाढवले. अंबाजींच्या तोंडी एकच रझाकार असायचा आणि तो नुसता जखमी व्हायचा. प्रतापराव बँकेत ऑफिसर झाले तेव्हा तो मेला. पुढे ते रिटायर होऊन हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले, तोवर पडलेल्यांची संख्या सातावर गेली होती. त्यांची मुलगी योगिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोग पुन्हा न करता आकडा वाढत गेलेला तिने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. पण वडिलांपुढे बोलायची तिला सवय नव्हती.

यंदा मुक्तिदिनाला मंडळाच्या हॉलमध्ये निवृत्तीकाकांच्या चित्राचं अनावरण ठरलं. फोटो नव्हता, फोटो काढावा असं त्याच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. तेव्हा योगिनीच्या धाकट्या भावाने, रितेशने, कुकटपल्लीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एआयकडून चित्र करून घेतलं. फेटा, पिळदार मिशा, रोखलेली बंदूक आणि मागे जळता किल्ला. अनावरण सरुबाईंच्या हस्ते व्हायचं होतं. त्या निवृत्तीच्या धाकट्या बहीण, त्याला डोळ्यांनी पाहिलेलं उरलेलं एकच माणूस. त्या प्रतापरावांकडेच राहायच्या.

आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत तालीम सुरू झाली.

"आत्या, माईकवर इतकंच म्हणायचं," प्रतापराव म्हणाले. "'माझा भाऊ रझाकारांवर बार उडवता उडवता धारातीर्थी पडला. जय हिंद.'"

"जय हिंद म्हणते," सरुबाई म्हणाल्या. "आधीचं नाही म्हणत."

"काहून?"

"आधी हे सांग, चित्रातल्या त्या बाप्याच्या हातात काय दिलंस?"

"बंदूक."

"काढ ती."

रितेश हसला. "आत्याआजी, बंदूक निकाली तो बार काय हाताने उडवायचा?"

"मग काय पायानं? भोकात दारू ठासायची, बत्ती द्यायची अन् पळायचं. त्याला बंदूक कशाला लागते रे मुडद्या?"

"बारमध्ये दारू!" रितेशने टाळी वाजवली. "लहानपणी मला तेच वाटायचं. काकांचा बार होता, सिकंदराबादला."

योगिनी कोपऱ्यात पेपर तपासत होती. तिचा हात थांबला. भोक, ठासणं, पळणं. हे काही बंदुकीचं वर्णन नव्हतं.

"आत्याआजी, भोक कशात पाडायचं?"

"कोळशात. आणिक कशात?"

"कोळसा?" प्रतापरावांनी तो शब्द वरणातून झुरळ काढावं तसा उच्चारला.

मग सरुबाईंनी सांगितलं. निवृत्ती तेलंगणात कोळशाच्या खाणीवर गेला होता, सुरुंग लावणाऱ्याच्या हाताखाली. एके दिवशी सगळे बार वाजले, एक वाजला नाही. 'फुसका असंल, जा, बघून ये' म्हणून मुकादमाने त्याला लगेच आत धाडलं. बार फुसका नव्हता.

"हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं? अंबूदादा म्हणायचा, बार उडवताना गेला. मी म्हणायची, हौ. त्यात खोटं काय होतं?"

योगिनीने मनाशी हिशेब मांडला. सारं घराणं एका शब्दावर उभं होतं, आणि तो बार कशाचा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

प्रतापराव येरझाऱ्या घालू लागले. "आत्या, पत्रिका छापून झाल्या. प्रमुख पाहुणे यायचेत. खाणीत मेलेल्या माणसाला हुतात्मा म्हणत नाहीत, अपघात म्हणतात."

"मग अपघात म्हण. पण लेकरानं कुणाला मारलं नाही रे, प्रतापा. त्याचा खाणीतला जोडीदार मस्तान, मुसलमानाचं पोर, त्यानं त्याला हातानं उकरून काढलं. गावात सांगायला आला तेव्हा आमच्या मायसमोर हमसून रडला. मीच पाणी दिलं त्याला. अन् तुझ्या चित्रात निवृत्ती बंदूक रोखून उभा. कुणावर?"

 प्रतापरावांनी कार्यक्रमात बदल केला. "उद्या तू नुसती दोरी ओढ. बोलू नको."

ते आत गेल्यावर सरुबाई हळूच म्हणाल्या, "योगे, ती बंदूक एकदा भिंतीवर चढली की मी मेल्यावर कोण उतरवणार? उद्या माईक माझ्यापाशी आण."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. सरुबाईंनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि स्क्रीनवर निवृत्तीकाका भिंतभर प्रकटले. प्रतापरावांनी माईक पाहुण्यांपुढे धरला. योगिनी उठली, "एक मिनिट, बाबा," म्हणाली आणि तो त्यांच्या हातातून काढून घेऊन सरुबाईंच्या तोंडाशी धरला.

"मी सरू. निवृत्तीची भैन. हा माझा भाऊ नाही. ह्याला मिशा हायेत, त्याला फुटल्या नव्हत्या. तो कोळशाच्या खाणीत बार लावायचा. एक वाजला नाही, तो बघायला गेला अन् मेला. त्यानं कुणाला मारलं नाही. ती बंदूक काढा. जय हिंद."

पाहुण्यांनी हातातली पत्रिका उलटून पाहिली. पण जय हिंद ऐकलं की टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून कुणीतरी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

प्रतापराव उगाच बँकेत ऑफिसर झाले नव्हते. टाळ्या ओसरायच्या आत माईक त्यांच्या हातात परत गेला होता. "तर असे आमचे काका! हैदराबाद संस्थानातले पहिले मराठी स्फोटतज्ज्ञ!"

पुन्हा टाळ्या. रितेशने लॅपटॉपवर खटपट केली आणि सगळ्यांदेखत बंदूक पुसली गेली, तिच्या जागी कुदळ आली, फेट्यावर पिवळं हेल्मेट बसलं. मिशा तशाच राहिल्या. मागचा किल्ला जळतच होता. पाहुण्यांनी भाषणात खाणकाम, स्वातंत्र्य आणि युवाशक्ती एकाच वाक्यात गुंफली.

घरी जाताना प्रतापराव गाडीत पुढे बसून फोनवर कुणाला तरी 'स्फोटतज्ज्ञ' हा शब्द फोड करून सांगत होते.

"योगे, तज्ज्ञ म्हणजे काय गं?" सरुबाईंनी विचारलं.

"ज्याला त्या कामातलं सगळं कळतं, तो."

सरुबाईंनी थोडा विचार केला. "मग तज्ज्ञ मुकादम होता. तो मागं थांबला."

मग त्या योगिनीकडे वळल्या.

"पण बंदूक गेली ना?"

"गेली, आत्याआजी."

"मग बोलू दे त्याला फोनवर," सरुबाई म्हणाल्या, आणि मान मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.