अंधारखोलीतले काटे

घड्याळांच्या त्या कारखान्यात सगळ्यात आरामाचं काम मनीमावशींचं, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. बसायचं, तेही अंधारात, आणि किती वाजले ते सांगायचं. पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या, "आमची दिवसभर मान मोडते आणि मावशींना डोळे मिटायचा पगार." मावशी म्हणायच्या, "या की बसायला. घोरला नाहीत तर माझा पगार तुमचा."

खोली तळमजल्याच्या टोकाला होती. एकामागे एक दोन दारं, मध्ये जाड काळा पडदा. आत एक टेबल आणि टेबलाच्या मधोमध उभी फळी. फळीला तळहाताएवढी खिडकी, तिला सरकतं झाकण. पलीकडे झाकलेल्या लाल दिव्यापाशी काटे लावणारा बसे, अलीकडे वाचणारी. चमकत्या तबकड्यांची घड्याळं आधी दिव्याखाली धरून मग खणात बराच वेळ बंद ठेवलेली असत, म्हणजे पहाटे जेवढी चमक उरते तेवढीच त्यांच्यात उरावी. त्या रंगात रेडियम नावालाही नव्हतं, पण सगळे त्याला रेडियमच म्हणत. वाचणारीनं डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं. मग झाकण सरकायचं, मनात पाच म्हणेपर्यंत वेळ सांगायची, झाकण बंद.

यात एक खुबी होती. मंद उजेडाकडे थेट बघितलं की तो विझल्यासारखा होतो. नजर जरा बाजूला ठेवली की काटे आपणहून दिसू लागतात. हे मावशींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की बाहेरही त्या माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघून बोलत. त्यांची सून नवी होती तेव्हा तिला वाटलं, सासूबाईंचा आपल्या कानातल्यांवर डोळा आहे. दोन महिने बिचारीनं ती काढून ठेवली होती.

मांजरासारखं अंधारात दिसतं म्हणून मनीमावशी हे नाव पडलं, आणि ते इतकं रुजलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर त्यांना स्वतःलाच उठायला उशीर व्हायचा. नव्या तबकडीचं काय करायचं हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. बाराच्या खुणेला दोन ठिपके द्या, नाहीतर झोपेत उलटं धरलेलं घड्याळ उलटंच वाचलं जाईल, हे त्यांनी सांगितलं आणि रंगवाल्यांनी ऐकलं. उजेडात त्या चारचौघींसारख्या एक होत्या. अंधारात त्यांच्यासारखी दुसरी नव्हती.

आणि आता अंधारात त्यांना दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. आधी काट्यांची टोकं बोथट झाली, मग खुणा एकमेकींत मिसळल्या, आणि या हिवाळ्यात तर खिडकीत नुसतं हिरवट धुकं उरलं. घरी त्या न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवू लागल्या आणि नाव नातवाचं सांगू लागल्या. डॉक्टरकडे जायचं त्या टाळत होत्या, कारण डॉक्टर काय म्हणणार हे ठाऊक होतं आणि ते कानांनी ऐकायचं नव्हतं.

तरी एकही घड्याळ चुकत नव्हतं, त्याचं कारण काटेवाले काका. काका पलीकडच्या बाजूला बसून बसून म्हातारे झाले होते आणि त्यांचे काटेही पायाखालच्या वाटेनं चालत. पूर्ण तास ते कधी लावत नसत. त्यांच्या बसची वेळ, चहा येतो ती वेळ, रक्तदाबाची गोळी, दुपारची डुलकी. फिरून फिरून त्याच सात-आठ वेळा. धुकं डावीकडे दाट दिसलं की बस, उजवीकडे खाली दिसलं की गोळी. मावशी अंदाज बांधायच्या आणि पलीकडे पेन्सिलीचा एकच छोटा फटका ऐकू यायचा. बरोबर उत्तराला काका नुसती खूण करत. चूक असेल तर ऐकलेली वेळ लिहावी लागे आणि खरखर लांबायची. ती लांब खरखर मावशींनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं.

"तुमच्या सुनेलाच बसवते काटे लावायला," तपासणीच्या मॅडम म्हणाल्या. सून त्याच कारखान्यात पट्टे जोडायच्या विभागात होती. "हात हलका आहे तिचा. आणि मावशी, ही नर्सांची घड्याळं नीट बघा. रंगाचा एकच हात दिलाय या वेळी. दोन हातांऐवजी एकात भागलं तर वरचे साहेब खूश होतील. तुम्हाला दिसलं की मी सही करते."

त्या संध्याकाळी भाजी निवडताना मावशींनी सहज म्हणून विषय काढला.

"कुठल्या वेळा लावणार आहेस उद्या?"

"वा. पेपर आधीच फोडू का?"

"तसं नव्हे गं. आकडा जरा वाकडा असावा, एवढंच."

"आई, मलाच धडकी भरलीय. तुमच्यासमोर चुकीचे काटे लावले तर तुम्ही आयुष्यभर ऐकवाल."

"आयुष्यभर कशाला? रविवारी सुट्टी देईन."

सून हसली. मावशी हसल्या नाहीत. रात्रभर त्या एकच विचार करत होत्या. काकांची वाट माहीत होती तशी हिचीही माहीत आहे. एका घरात इतकी वर्षं काढली. ही कधी उठते, कधी बसते, हे आपल्याला नाही तर कुणाला माहीत असणार?

सकाळी दोघी आत गेल्या. अंधारात बसून राहण्याचा वेळ संपला. झाकण सरकलं.

मावशींनी नजर बाजूला नेली. डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग खाली. एकाच हाताच्या रंगाचं धुकंही उरलं नव्हतं. खिडकी उघडी आहे हे फक्त झाकणाच्या आवाजावरून कळलं.

"पाच चाळीस," त्या म्हणाल्या. सून दूध तापवायला उठते ती वेळ.

पेन्सिलीची खरखर लांबली.

दुसरं घड्याळ. "सात दहा." नातवाचा डबा भरून होतो तेव्हा. पुन्हा लांब खरखर. चार चुका झाल्या की घड्याळांची पूर्ण तुकडी बाद, आणि या खोलीत त्यांच्या चुका होतात हे मॅडमना कळणार. कळल्यावर उद्या त्या पॅकिंगच्या टेबलाशी, खोक्यांना चिकटपट्टी लावत.

तिसरं घड्याळ. "चार दहा."

या वेळी खरखर आली नाही. पलीकडे काहीच हललं नाही.

"चार दहा?" सुनेनं विचारलं. काटे लावणाऱ्यानं बोलायचं नसतं, हे तिला सांगितलेलं होतं.

"हो."

"आई, चार दहाला मी जिन्यात बसलेली असते."

मावशींनी जीभ चावली. सून कामावरून परतली की तिची पावलं वर येत, शेवटच्या वळणावर थांबत आणि बऱ्याच वेळानं दार वाजे. अंधारखोली लवकर सुटे, म्हणून मावशी आधीच घरी असत आणि आतून ऐकत. कधी विचारलं नव्हतं. घरात शिरण्याआधी बाईला थोडा वेळ कुणाचीच कुणी न होता बसावंसं वाटतं, एवढं त्यांना कळत होतं.

"दूध, डबा, जिना," सून हळूच म्हणाली. "तुम्ही घड्याळ बघतच नाही आहात."

मग पेन्सिलीचा एकच छोटा फटका ऐकू आला.

चौथं घड्याळ. मावशींनी तोंडाला येईल ती वेळ सांगितली. छोटा फटका. पाचवं. छोटा फटका. नशीब फिरलं असं क्षणभर त्यांना वाटलंही. सहाव्याला त्या म्हणाल्या, "सव्वादोन." फटका. "नाही, थांब. पावणेबारा." पुन्हा फटका, तितकाच छोटा, तितकाच ठाम.

म्हणजे पकडलंही हिनंच आणि सोडलंही हिनंच. असंच बसून राहिलं तर तासाभरात बाहेर पडता येईल, मॅडम सही करतील, मनीमावशी मनीमावशीच राहतील. आणि एका हाताची ही घड्याळं नर्सांच्या गणवेशांवर जातील. झोपलेल्या पेशंटची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता कुणीतरी घड्याळ वळवून बघेल, तिला दिसणार नाही, आणि तिला वाटेल आपलेच डोळे गेले.

तसं वाटून घेणं कसं असतं हे मावशींना या हिवाळ्यापासून चांगलं माहीत होतं.

"खोड ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तीन नंबरपासूनच्या खुणा खोड. काय लावलं होतंस आणि मी काय सांगितलं ते लिही. पुढचं लाव."

"आई, एकदा चूक झाली तर काही—"

"अगं, पुढचं लाव."

खोडरबर बराच वेळ चाललं. मग झाकण सरकलं.

"दिसत नाही," मावशी म्हणाल्या.

हा शब्द या खोलीत त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. दुसऱ्यांदा म्हणताना तो सोपा गेला. तिसऱ्यांदा त्या पाठ टेकून बसल्या. नियम असा की तुकडी मध्येच सोडायची नाही. झाकण सरकत राहिलं आणि त्या सांगत राहिल्या: दिसत नाही. दिसत नाही. पलीकडे सून आधी नाक ओढत होती, मग तेही थांबलं आणि दोघी मुकाट्यानं काम करू लागल्या.

शेवटाकडे एकदा मावशी म्हणाल्या, "झाकण लावू नकोस."

"पाच म्हणून झाले, आई."

"झाले तर झाले. तसं लिही. इथे काहीतरी आहे."

त्यांनी डोळा वळवला. धुक्याला हळूहळू कडा आली. वर दोन ठिपके, आणि उजवीकडे आडवी रेघ. "तीन... तीनच्या जवळ मोठा काटा. छोटा खाली, डावीकडे. सव्वाआठ."

पेन्सिलीचा छोटा फटका आला. "आई, देवाशपथ खरा," सून म्हणाली. "हे जुनं घड्याळ आहे, दोन हातांच्या रंगाचं. प्रत्येक तुकडीत एक मिसळायचं असतं ना, ते."

मॅडमनी कागद उभ्यानं वाचायला घेतला आणि वाचता वाचता खुर्चीत बसल्या. मावशींनी हिवाळ्यापासूनचं सगळं सांगितलं, काकांच्या बसपासून. मध्ये सून म्हणाली, "मॅडम, खोडलेल्या खुणा माझ्या आहेत. मी मुद्दाम केल्या होत्या."

"तिचं ऐकू नका," मावशी म्हणाल्या.

"मी दोघींचंही ऐकतेय, तेच जड जातंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिवाळ्यापासून गेलेला सगळा माल परत मागवून तपासावा लागेल. वर काय तोंड दाखवू ते मी बघेन. ही तुकडी दुसऱ्या कुणीतरी वाचायची, काटे लावायलाही दुसरं कुणीतरी. आणि तुम्ही डॉक्टरांकडे जायचं. मोतीबिंदू असेल तर काढून या. दुसरं काही असेल तर मग बोलू."

"तोवर पॅकिंग?"

"तोवर पॅकिंग."

मावशींनी मान हलवली. मॅडम पुन्हा कागदाकडे वळल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दोन हातांचं मात्र दिसलं तुम्हाला."

"उशिरा दिसलं."

"उशिरा का होईना. तुमच्या वयाच्या नर्सा असतातच की." त्यांनी कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मावशींनी विचारलं नाही.

बाहेर बोळात दुपारचं ऊन पडलं होतं. अंधारखोलीतून आलेल्या माणसाला ते सोसत नाही, म्हणून दोघी भिंतीला टेकून डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. पॅकिंगच्या दाराशी बायका जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारत होत्या. त्यांतली एक हाक मारून म्हणाली, "मावशी, आज आमच्याकडे कुठे?"

"घोरायचं शिकवायला आले," मावशी म्हणाल्या.

सून त्यांच्याबरोबर दारापर्यंत आली. तिला पट्ट्यांच्या विभागात परत जायचं होतं, तरी पाय निघत नव्हता.

"उद्याची रजा टाकते," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे मी येते बरोबर."

"तू कशाला? मी काय हरवणार आहे?"

"तिथे भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगतात. तुम्ही डॉक्टरांच्याही सवयी शोधून काढाल."

मावशींनी तिच्याकडे बघितलं, सवयीनं कानाकडे, आणि मग मुद्दाम नजर सरकवून थेट तोंडाकडे. सुनेच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते केव्हापासून, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"बरं, ये," त्या म्हणाल्या, आणि खोक्यांच्या टेबलाशी रिकामी जागा होती तिथे जाऊन बसल्या.