झडपेवरची चिंधी

ओढ्याकाठी पालथं पडून तिने नळीला कान लावला. टक् नाही की टुक् नाही. पंपाची बोलतीच बंद झाली होती.

काल संध्याकाळी पठ्ठ्या छान ठोके देत होता. ना वीज, ना डिझेल. वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने थोडं पाणी टेकडीवर चढवणारा पंप. कॉलेजचा प्रकल्प म्हणून तिने आणि मैत्रिणींनी तो जोडला होता. पण मार्क गेले खड्ड्यात. वर आत्याचं पाळणाघर होतं. तिला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याचे गुडघे रोज पहाटे ओढ्याचं पाणी वाहून आता पार कामातून गेले होते, आणि पालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, पाण्याची सोय करा, नाहीतर सोमवारपासून मुलं दुसरीकडे.

ती उठून पुढे वाकली, तेव्हा दिसलं. पाणी बाहेर उडवणारी झडप जुन्या दुपट्याच्या चिंधीने गच्च आवळलेली होती. वर दुहेरी गाठ. लाळेरी बांधताना आत्या मारते तशीच.

"आत्या!"

दोन्ही हातांत रिकामे कॅन घेऊन आत्या उतरतच होती.

"मीच बांधली. किती पाणी वाया चाललं होतं ग! काल बघितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढ्या शिकलेल्या पोरी तुम्ही, आणि साधी गळती दिसू नये?"

तिला हसूही आलं आणि रडूही. भांडं विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला घालणारी ही बाई. तिला ही झडप आधीच समजावून सांगायला नको होती का?

"गळती नाही ती, आत्या. हे पाणी बाहेर उडतं, म्हणूनच झडप आपटून बंद होते आणि त्या झटक्याने थोडं पाणी वर चढतं."

"चल, काहीतरीच."

"हात दे बघू इकडे."

तिने चिंधी सोडली आणि आत्याचा तळवा झडपेवर ठेवला. "दाब. सोड. परत दाब."

आत्या दाबत राहिली. पाणी उडून लुगडं भिजलं, तरी दाबत राहिली. मग तिचा हात थबकला. झडप आता तिच्या हाताखाली आपली आपणच उडत होती. टक्... टक्... टक्...

"अगं बाई! मी काहीच करत नाहीये," आत्या कुजबुजली. "जिवंत आहे ग हे!"

बऱ्याच वेळाने वरून मुलांचा एकच गलका झाला. "आलं! पाणी आलं!"

आत्या रिकाम्या हातांनी टेकडी चढली. अर्ध्यावर नेहमीच्या दगडापाशी कॅन टेकवायला वाकली आणि स्वतःशीच हसली. वर टाकीत करंगळीएवढी धार पडत होती. आत्याने तिच्याखाली बोट धरलं, काढलं, पुन्हा धरलं.

"झोपताना हे बंद कुठून करायचं?"

"बंद नाही करायचं. चालूच राहतं."

"आपण झोपलो तरी?"

"तरी."



दुसऱ्या दिवशी उन्हाने जाग आली, तेव्हा तिला आधी काही कळेना. कॅनचा खडखडाट नव्हता, चहाचा वास नव्हता. ती घाबरून शेजारच्या खोलीत धावली आणि दारातच थांबली.

खिडकी ओढ्याच्या बाजूने सताड उघडी होती. खालून ठोके येत होते. आणि आत्या तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

आत्याला झोपलेलं तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.