बंद मॉनिटर

तक्रार विभागात नवा लागलेला आंधळा कारकून दिवसभर बंद मॉनिटरसमोर बसतो, हे हेडबाईंना आठवडाभर सलत होतं. एका कानात इअरफोन, बोटं कीबोर्डवर, आणि समोर पडदा काळाकुट्ट. काम करतोय की गाणी ऐकतोय, देव जाणे! त्यात स्टोअरकीपर रोज टेबलाशी येऊन आगीत तेल ओतून जायचा. "बाई, काहीतरी लपवतोय बरं का तो. तुम्ही आपल्या भोळ्या."

भोळ्या म्हटलं की हेडबाईंचं टाळकं सटकायचं. कारकुनाला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, याचा अहवाल त्यांनाच आज द्यायचा होता. त्या तरातरा त्याच्याकडे गेल्या. मागोमाग स्टोअरकीपरही.

"मॉनिटर का बंद?"

"मला त्याचा काय उपयोग, मॅडम? कॉम्प्युटर कानात वाचून दाखवतो, ती सोय त्याच्यातच असते. मॉनिटर चालू ठेवला, तर मागे उभं राहून कोण वाचतंय ते मला कळायचं नाही."

उत्तर सरळ होतं. पण एकदा संशय डोक्यात बसला की सरळ उत्तरच आधी खोटं वाटतं. "चालू करा," हेडबाई म्हणाल्या.

"करतो. उघडलेली तक्रार तेवढी बंद करू द्या."

"बघा, मी म्हणत नव्हतो?" स्टोअरकीपर पुटपुटला.

"कशालाही हात लावू नका! आहे तसंच दाखवा."

"मग बाकीच्यांना बाहेर पाठवा, मॅडम. अहवालात हवं ते लिहा, पण..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत स्टोअरकीपरने हात लांबवून मॉनिटरचं बटण दाबलं. हेडबाईंनी त्याला अडवलं नाही.

पडद्यावर एक तक्रार होती. स्टोअरकीपर सामान द्यायच्या निमित्ताने मला एकटीला आत बोलावतात, दार लावून घेतात. माझं नाव कुणाला कळू देऊ नका. खाली सफाईवाल्या मावशींचं पूर्ण नाव.

आपण कुणाच्या तालावर नाचलो ते हेडबाईंना कळलं, पण फार उशिरा. स्टोअरकीपरने शेवटची ओळ वाचली आणि तो जिन्याकडे निघाला. तिथे मावशी फरशी पुसत होत्या.

"मॅडम, कुणी वाचलं?" कारकुनाने विचारलं.

"त्यानेच," हेडबाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऑफिसातून धावत सुटल्या.